टांगती कुंडी : फुलं वर, हिशेब पाण्याचा

शाळेची सहल मुंबईला गेली की मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट ठरलेला असतो. तो पाहून मुलं समोरच्या हँगिंग गार्डनमध्ये शिरतात आणि पाच मिनिटांत प्रश्न येतो, "टीचर, बाग लटकलेली कुठे आहे?" लटकलेलं तिथे काहीच नाही. फिरोजशाह मेहतांचं नाव असलेली ही बाग 1880च्या दशकात मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या छतावर तयार झाली. वर हिरवळ, फुलझाडं, प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपं, आणि पायाखाली पाणीच पाणी.

आपल्या गॅलरीतली टांगती कुंडी याच्या बरोबर उलट. ती खरोखर लटकते, पण तिच्याखाली पाण्याचा थेंब नाही. जमिनीतलं झाड तहान लागली तर मूळ खाली सोडतं. टांगत्या कुंडीतल्या झाडाला खाली जायला जागाच नसते. चार-पाच लिटर माती, चारी बाजूंनी वारा आणि वरून ऊन, एवढाच त्याचा संसार. त्याला पाणी मिळेल ते फक्त आपल्या हातून. म्हणून वाचक भगिनींनो, या महिन्यात कुंडी टांगायची असेल तर आधी पाण्याचा हिशेब करू या. फुलांचं पुढे आपोआप जमतं.

पाऊस सरला आहे, दुपारचं ऊन कडक असलं तरी पहाटे गारवा जाणवू लागला आहे. हिवाळी फुलांची तयारी करायला यापेक्षा चांगला वेळ नाही. आज लावलेली कुंडी डिसेंबरात भरेल आणि मार्चपर्यंत फुलेल.

जागा आणि ऊन

पहिला प्रश्न रोप कोणतं हा नसून गॅलरी कोणत्या दिशेला आहे, हा आहे. आपल्याकडे किबल्याची बाजू घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते, म्हणजे पश्चिम शोधायला होकायंत्र लागत नाही. नमाजला उभं राहिल्यावर समोर पश्चिम, पाठीमागे पूर्व, उजव्या हाताला उत्तर, डाव्या हाताला दक्षिण. थोडा फरक असतो, पण झाडांसाठी एवढा अंदाज पुरे.

पूर्वेची गॅलरी सर्वांत सोयीची. सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारी झाड भाजत नाही. दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळाभर सूर्य कललेला असल्यामुळे ऊन आतपर्यंत येतं. या दोन्ही ठिकाणी पिटुनिया छान फुलते. पश्चिमेकडे दुपारनंतरचं ऊन तापट. तिथे ऑफिस टाइम किंवा सदाफुली लावावी. उत्तरेच्या गॅलरीत हिवाळ्यात थेट ऊन येतच नाही. तिथे पिटुनिया लावली तर पानं वाढतील, फुलं येणार नाहीत. तिथे बिगोनिया किंवा टोरेनिया बरी. झाडाला दोष देण्याआधी एक सुट्टीचा दिवस घरी बसून किती वाजता ऊन येतं आणि किती वाजता जातं, हे कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून ठेवावं. पाच-सहा तास ऊन मिळत असेल तरच हिवाळी फुलझाडांवर पैसे घालावेत.

वजन आधी तोलावं

दहा इंची कुंडीत साधारण पाच लिटर मिश्रण मावतं. नुसती बागेतली माती भरली आणि पाणी घातलं की तीच कुंडी आठ किलोंच्या वर जाते. वाऱ्यावर हलणारं आठ किलो वजन पातळ खिळ्यावर सोपवू नये. स्लॅबमध्ये छिद्र पाडून लोखंडी फास्टनर बसवून घ्यावा. हे काम इलेक्ट्रिशियन पंख्याचा हूक बसवतो त्याच पद्धतीने दहा मिनिटांत करतो. गिलाव्यात किंवा पीओपीच्या छतात ठोकलेला हूक धरत नाही. कपडे वाळत घालायच्या पाइपवरही कुंडी टांगू नये. ग्रिल मजबूत असेल तर कुंडी ग्रिलच्या आतल्या बाजूला टांगावी, रस्त्यावर झुकणारी अजिबात नको. खालून शाळेची मुलं जातात.

कुंडीबरोबर येणारे प्लॅस्टिकचे हँगर उन्हात एक-दोन वर्षांत कडक होऊन तुटतात. ते काढून लोखंडी साखळी किंवा जाड गॅल्व्हनाइज्ड तार लावावी. आणि उंची? कुंडीची कड आपल्या हनुवटीपर्यंत यावी, फार तर डोळ्यांपर्यंत. स्टुलावर चढून पाणी घालावं लागेल अशी कुंडी चार दिवस कौतुकाची, पाचव्या दिवशी विसरलेली. शिवाय मुलं मदतीच्या उत्साहात स्टुलावर चढतात, ते गॅलरीच्या कठड्याजवळ फार धोक्याचं.

उंच टांगण्याचा एक फायदाही सांगून टाकतो. बकरीदेच्या आधी चार दिवस पाहुणा घरी आला की जमिनीवरच्या कुंड्यांचं काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. टांगत्या कुंड्या तेवढ्या वाचतात. सदाफुली तर मुद्दाम उंचच असावी, कारण तिचं सगळं झाड विषारी आहे. कर्करोगावरची औषधं तिच्यापासून बनतात हे खरं, पण ती कारखान्यात शुद्ध करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. मधुमेहासाठी सदाफुलीची पानं चावायचा सल्ला कुणी दिला तर मानू नये.

मिश्रण हलकं, पण पाणी धरणारं

आमचं प्रमाण असं : दोन वाट्या भिजवलेलं कोकोपीट, दोन वाट्या गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, एक वाटी लाल माती. दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. हे मिश्रण भिजल्यावरही पाच-सहा किलोंच्या आसपास राहतं.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. नर्सरीत 650 ग्रॅमची वीट मिळते. ती बादलीत तीन-चार लिटर पाण्यात सोडली की फुगून आठ-नऊ लिटर होते. हे फुगणं मुलांना जरूर दाखवावं. काथ्यात मिठाचा अंश असतो, म्हणून ते दोनदा पाण्याने धुऊन, पिळून मग वापरावं.

तळाला विटांचे तुकडे घालायची जुनी सवय टांगत्या कुंडीत सोडून द्यावी. त्याने वजन वाढतं आणि माती मावायची जागा कमी होते. तळाला पेन्सिल जाईल एवढी पाच-सहा छिद्रं असली की झालं. त्यावर नारळाच्या शेंडीचा पातळ थर ठेवला तर माती वाहून जात नाही. वरची एक इंच जागा रिकामी ठेवावी. काठोकाठ भरलेल्या कुंडीत पाणी मुरायच्या आधीच बाहेर सांडतं.

तारेच्या, काथ्याच्या अस्तराच्या टोपल्या दिसायला सुंदर असतात, पण सर्वांत लवकर त्याच सुकतात. घ्यायचीच असेल तर अस्तराच्या आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी लावून तिच्या तळाला छिद्रं पाडावीत. तेलाच्या पाच लिटरच्या रिकाम्या कॅनपासूनही छान कुंडी होते. पत्र्याचा डबा मात्र उन्हात तापून मुळं भाजतो.

कोणती फुलं

*पिटुनिया* ही हिवाळ्यातल्या टांगत्या कुंडीची राणी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिचं नाव तिथल्या तंबाखूसाठीच्या शब्दावरून आलं, कारण ती तंबाखूच्याच कुळातली. वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची हेही त्याच घराण्यातले. स्वयंपाकघरात रोज भेटणाऱ्या भाज्यांची ही चुलत बहीण आहे म्हटल्यावर मुलांचे डोळे विस्फारतात. दहा इंची कुंडीत तीन रोपं पुरतात. नर्सरीत जाल तेव्हा फुलांनी लदलेलं रोप उचलू नका. बुटकं, फांद्या फुटलेलं, कळ्या असलेलं रोप निवडा.

*ऑफिस टाइम*, म्हणजे चिनी गुलाब. नावात चीन असला तरी हेही दक्षिण अमेरिकेचं. सकाळी ऊन आलं की उघडतं, दुपार कलली की मिटतं, म्हणून मराठीत ऑफिस टाइम. उर्दूत याला गुलेदोपहरी म्हणतात. एकाच फुलाला एका भाषेने कचेरीची वेळ दिली, दुसरीने दुपारची. त्याची पानं जाड, पाणी साठवणारी. एखादा दिवस पाणी चुकलं तर ते माफ करतं. ज्यांच्याकडे एक दिवसाआड पाणी येतं, त्यांनी याच फुलापासून सुरुवात करावी. पण याचा खरा बहर उन्हाळ्यात, फेब्रुवारीनंतर. तेव्हा विकतही आणू नका. कुणाच्याही कुंडीतल्या चार बोटं लांबीच्या पाच-सहा फांद्या मागून घ्या, खालची पानं काढून ओल्या मिश्रणात खोचा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात.

हिवाळ्यात पिटुनियाच्या जोडीला व्हर्बेना किंवा पांढऱ्या बारीक फुलांची अ‍ॅलिसम कडेला लावता येते. पावसाळ्यात टोरेनिया, तीही छताखाली. एका कुंडीत एकाच तहानेची झाडं ठेवावीत. पिटुनिया आणि ऑफिस टाइम एकत्र लावले तर एकीला पुरेल एवढं पाणी दुसऱ्याची मुळं कुजवतं.

रोपं संध्याकाळी लावावीत, पहिले चार-पाच दिवस कुंडी सावलीत जमिनीवरच ठेवावी आणि मग टांगावी. रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा. हात धजत नाही हे आम्हाला माहीत आहे, पण एक शेंडा खुडला की दोन-तीन फांद्या फुटतात आणि कुंडी भरून वाहते.

पाणी किती, केव्हा, कसं

आमच्या शाळेत सहावीच्या मुलींना वजन-मापं शिकवताना आम्ही व्हरांड्यातली एक टांगती कुंडी उतरवली आणि भंगारवाल्याकडे असतो तसा हूकचा ताणकाटा मागवला. मार्च महिना होता. सकाळी पाणी घालून, निथळू देऊन कुंडी तोलली : 5 किलो 200 ग्रॅम. शाळा सुटताना पुन्हा तोलली : 4 किलो 500 ग्रॅम. मुलींना विचारलं, 700 ग्रॅम गेले कुठे? माती सांडली नव्हती, फूल कुणी तोडलं नव्हतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, हे पुस्तकात पाठ केलेलं होतं. एका मुलीने हळूच उत्तर दिलं, "टीचर, झाड पाऊण लिटर पाणी प्यायलं." काही झाडाने पानांवाटे सोडलं, काही मातीतून हवेत गेलं, पण हिशेब तिचा बरोबर होता. त्या दिवसापासून मुली कुंडीला स्वतःच्या पाण्याच्या बाटलीने मोजू लागल्या.

तोच हिशेब घरी धरावा. हिवाळ्यात दहा इंची कुंडीला दिवसातून एकदा पाणी लागतं, थंडी जास्त असेल तर एक दिवसाआड. मार्चनंतर सकाळ-संध्याकाळ. ताणकाटा हवाच असं नाही. तळहात कुंडीच्या बुडाला लावून किंचित उचलून पाहावं. आठवड्याभरात हाताला ओली कुंडी आणि कोरडी कुंडी ओळखू येते. नाहीतर मातीत बोटाचं पहिलं पेर घालावं. आत ओल लागली तर पाणी नको. पानं माना टाकताना दिसली तरी आधी माती पाहावी, कारण पाणी जास्त झालेलं झाडही तसंच मान टाकतं.

वेळ सकाळची. फजरनंतर चहा ठेवायच्या आधी पाणी घातलं की विसरायला होत नाही. रमजानमध्ये सहरीनंतरची वेळ धरता येते. पाणी नळाचंच हवं असंही नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी चालतं, मीठ घातलेलं मात्र नको. वजू करताना खाली टब ठेवला तर त्यात साबण नसलेलं पाणी जमतं. चार माणसांच्या घरात दोन कुंड्यांची गरज त्यातूनच भागते आणि पिण्याच्या पाण्याला हात लागत नाही.

कोकोपीट पूर्ण कोरडं झालं की ते पाणी घेत नाही. वरून घातलेलं पाणी कडेने वाहून जातं आणि आतला गोळा कोरडाच राहतो. अशा वेळी कुंडी उतरवून बादलीभर पाण्यात बुडवावी. बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण दहा मिनिटं ठेवावी. मग न्हाणीघरात वीस मिनिटं निथळू द्यावी आणि टांगावी. खरं तर रोजच खाली उतरवून पाणी घातलं तर सर्वांत उत्तम. त्यामागे आणखी एक कारण आहे.

खालच्या मजल्याचा हक्क

आमच्या ओळखीच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नवी सून आली. माहेरी मोठं अंगण, विहीर, दारात मोगरा. सासरी चार फुटांची गॅलरी. तिने सहा कुंड्या टांगल्या आणि अंगणाची कसर त्यांतून भरून काढू लागली. तिच्या बरोबर खाली पहिल्या मजल्यावर एक खाला राहतात. ईदेच्या आधी त्या हाताने शेवया वळतात आणि ग्रिलजवळ चादरीवर पसरून वाळवतात. एका सकाळी वरून मातीचं पाणी ठिबकलं आणि दोन दिवसांची मेहनत तपकिरी झाली. खालांनी आवाज चढवला, सासूने उलट उत्तर दिलं. ईदेचा शीरखुर्मा त्या वर्षी वर गेला नाही, खालीही आला नाही. सोसायटीच्या बैठकीत "कुंड्या काढा" असा ठराव यायची वेळ आली.

सुनेपुढे दोनच गोष्टी होत्या : कुंड्या सोडायच्या किंवा पाणी घालायची रीत बदलायची. तिने सहापैकी चार कुंड्या उतरवून गॅलरीत जमिनीवर ठेवल्या. दोन टांगत्या राहिल्या, त्या ती रोज सकाळी उतरवते, न्हाणीघरात पाणी घालते, निथळल्यावर पुन्हा अडकवते. दहा मिनिटांचं काम. मग ती खाली जाऊन खालांना म्हणाली, "पुन्हा ठिबकलं तर मला हाक मारा, मी स्वतः काढून टाकीन." तशी हाक मारायची वेळ आली नाही. उन्हाळ्यात खालांनीच वर येऊन ऑफिस टाइमच्या फांद्या मागून नेल्या.

शेजाऱ्याचा हक्क आपण भाषणात ऐकतो. तो असा थेंबाथेंबानेही पाळावा लागतो. आपल्या फुलांसाठी खालच्या माणसाचे कपडे, वाळवण, डोकं भिजता कामा नये. कुंडी उतरवणं शक्यच नसेल तर तिच्याखाली अडकवायची ताटली मिळते, ती लावावी. मात्र ताटलीत साठलेलं पाणी ओतून द्यावं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतो. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी घरोघरी कुंड्यांखालच्या ताटल्या पाहतात, ते उगाच नव्हे. आठवड्यातून एकदा ताटली घासून कोरडी करावी. नुसतं पाणी ओतल्याने कडेला चिकटलेली अंडी जात नाहीत.

खत, छाटणी, कीड

रोज पाणी घातलं की त्याबरोबर खतही वाहून जातं. म्हणून दर पंधरा दिवसांनी जेवण द्यावं. मूठभर गांडूळखत एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून ते पाणी घालावं. विकतचं 19:19:19 खत वापरायचं असेल तर लिटरला एक ग्रॅम पुरे, आणि तेही ओल्या मातीत. कोरड्या मातीत खत घातलं तर मुळं जळतात.

वाळलेली फुलं रोज खुडावीत. नुसत्या पाकळ्या ओढू नयेत, मागची हिरवी बोंडीही काढावी. बी धरलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं, मग ते फुलायचं थांबतं. जानेवारीच्या सुमारास पिटुनिया लांबट, मधून उघडी दिसू लागते. तेव्हा कात्रीने एक तृतीयांश कापून टाकावी आणि खताचं पाणी द्यावं. दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा भरते.

मावा किंवा पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब हलवून संध्याकाळी फवारावं, पानांच्या खालच्या बाजूनेही. पाकळ्यांना गोल भोकं पडत असतील तर अळी आहे. ती रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचावी.

गावी जाताना

दोन-तीन दिवसांसाठी जायचं असेल तर कुंड्या उतरवून न्हाणीघरातल्या उजेडाच्या जागी टबात ठेवाव्यात आणि टबात बोटाच्या दोन पेरांएवढं पाणी भरावं. आठवडाभर जायचं असेल तर शेजारच्या घरी द्याव्यात. कुणाला "आमच्या कुंड्यांना पाणी घाला" म्हणून किल्ली देण्यापेक्षा कुंडीच देणं सोपं. परत आल्यावर एक फुललेली कुंडी त्यांच्याकडेच राहिली तरी बिघडत नाही.

शेवटचं म्हणजे संख्या. किती कुंड्या टांगाव्यात, असं बऱ्याच भगिनी विचारतात. गॅलरीत किती मावतात हे मोजू नका. सकाळी नाश्ता, डबे, मुलांची शाळा यांतून आपल्याजवळ खरोखर किती मिनिटं उरतात ती मोजा. एका कुंडीला पाच मिनिटं धरली तर दोन कुंड्यांना दहा. पहिल्या वर्षी दोनच टांगाव्यात. मार्चपर्यंत त्या दोन्ही हिरव्या राहिल्या तर तिसरीचा हूक बसवावा.

या महिन्याचं काम : गॅलरीतलं ऊन मोजून ठेवणं, फास्टनर बसवून घेणं, कोकोपीटची वीट भिजवणं आणि नर्सरीत पिटुनियाची रोपं केव्हा येणार ते विचारून येणं. इन्शाअल्लाह पुढच्या अंकात स्वयंपाकघराच्या खिडकीत पुदिना आणि कोथिंबीर कशी लावायची ते पाहू.